सोसण्याचं कौतुक पुरे, सावरण्याची तजवीज करा

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना, मांजरा, तेरणा, सिंदफणा आणि गोदावरी काठ सोडून वावरांत शिरल्या. पाणी ओसरलं तशी पंचनाम्यांची लगबग सुरू झाली आणि तिच्या मागोमाग एक जुना वादही. एका बाजूनं व्याख्यानांत, लेखांत, शाळा-महाविद्यालयांच्या कार्यक्रमांत ‘रेझिलियन्स’, म्हणजे आघातानंतर सावरण्याची ताकद, हा शब्द ऐकू येऊ लागला. मराठवाड्याचा माणूस चिवट आहे, तो पुन्हा उभा राहील, आणि ज्याला उभं राहता येत नाही त्याच्या मनात ती वृत्ती रुजवली पाहिजे, असं ही मंडळी सांगतात. दुसऱ्या बाजूला या शब्दाचं नाव काढलं तरी संतापणारे लोक आहेत. त्यांच्या मते जागतिक बँकेच्या अहवालांतून आलेला हा शब्द सरकारला जबाबदारीतून मोकळं करण्यासाठीच वापरतात, तेव्हा तो हद्दपारच केलेला बरा. दोन्ही बाजू तावातावानं बोलतात; पण रेझिलियन्स म्हणजे माणसाचा स्वभाव, हे दोघींनीही न तपासता गृहीत धरलं आहे. वाद बिघडतो तो इथे.

माझं म्हणणं आधीच सांगतो. आघातानंतर सावरण्याची ताकद स्वभावात असते त्याहून कितीतरी जास्त ती घरातल्या आणि गावातल्या साठ्यात असते, मदतीला येणाऱ्या हातांत असते आणि दोन आघातांच्या मध्ये मिळणाऱ्या अवधीत असते. साठा मोजता येतो. मदत वेळेत आली की नाही हे तारीखवार सांगता येतं. अवधी किती मिळाला हे पर्जन्यमापकाच्या नोंदींत दिसतं. मग जी गोष्ट मोजता येते, वाढवता येते, आणि कमी झाली तर कुणाच्या निर्णयानं झाली हेही दाखवता येतं, तिचं नुसतं कौतुक का करत बसायचं? हा शब्द टाकून देऊ नये. भाषणांतून काढून तो अंदाजपत्रकात, पीकविम्याच्या अटींत आणि धरणांच्या पाणीवाटपात आणावा.

शब्दाचा प्रवास पाहिला तरी हेच दिसतं. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमधले अभियंते जहाजांचं लाकूड आणि पुलांचं लोखंड तपासताना तो वापरत. अचानक बसलेला धक्का पदार्थ किती पोटात घेऊ शकतो आणि तरी पूर्ववत होतो, याचं ते माप होतं. त्या मापाला एक मर्यादा असे. तिच्या आत धक्का बसला तर सळई सरळ होते. तिच्यापलीकडे गेला तर ती लगेच तुटत नाही, पण वाकते ती कायमची. अभियंता सळईला कधी उपदेश करत नाही. तो जाडी वाढवतो, आधार देतो, नाहीतर भार कमी करतो. पुढे १९७३ मध्ये सी. एस. हॉलिंग या कॅनडाच्या पर्यावरणशास्त्रज्ञानं हा शब्द जंगलं आणि सरोवरं यांच्यासाठी वापरला. अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या मोठ्या सरोवरांत मासेमारीमुळे मासे हळूहळू कमी होत गेले, बरीच वर्षं काही बिघडलंय असं वाटलं नाही, आणि मग एकदम साठा कोसळला. नंतर मासेमारी थांबवूनही तो पूर्ववत झाला नाही. वरून सुरळीत दिसणारी व्यवस्था आतून कधीच पोकळ झालेली असू शकते, हा त्याच्या मांडणीचा गाभा. आणखी एक गोष्ट त्यानं स्पष्ट ठेवली: टिकून राहणं ही आपोआप चांगली गोष्ट नव्हे. वाईट अवस्थाही चिवट असते. आपल्याकडच्या व्याख्यानांत या दोन्ही गोष्टी गळून पडल्या आणि उरलं ते फक्त ‘खचू नका’.

आता चिवटपणाचं कौतुक करणाऱ्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा घेऊ. तो बहात्तरच्या दुष्काळाचा. ‘आमच्या आईबापांनी मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) खाल्ला, उन्हातान्हात खडी फोडली, पोरंबाळं जगवली, पण आजच्यासारखं कुणी जिवाचं काही करून घेतलं नाही. मग आजच्या पिढीलाच काय झालं?’ हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. ती पिढी काटक होती, तिच्या गरजा कमी होत्या आणि दुःख वाटून घेण्याची तिची पद्धतही वेगळी होती, हे मला मान्य आहे. मराठवाड्यातल्या प्रत्येक घरात त्या वर्षांची एखादी आठवण अजून जपलेली आहे आणि तिचा अभिमान रास्तच आहे. पण त्या आठवणीचा अर्धा भाग आपण सांगतो आणि अर्धा गाळतो. खडी फोडली, हे सांगतो. ती खडी फोडायचं काम कुठून आलं, हे सांगत नाही. गावोगावचे लोक ‘काम द्या’ म्हणत रस्त्यावर आले, मोर्चे निघाले, घेराव झाले आणि शासनाला पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते अशी कामं काढावी लागली. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. लेकरांना सुकडी हा पूरक आहार मिळत होता. अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ यांनी या दुष्काळाचा अभ्यास करून दाखवलं, की अन्नधान्याचं उत्पादन इतकं घसरूनही मृत्यूंचं प्रमाण फारसं वाढलं नाही, आणि त्याचं मोठं श्रेय या कामांतून हाती पडलेल्या मजुरीला जातं.

आणि ती व्यवस्था दुष्काळाबरोबर संपली नाही. वि. स. पागे यांनी मांडलेल्या कल्पनेतून रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. त्यासाठी पैसा उभा करायला १९७५ मध्ये शहरांतल्या नोकरदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला गेला. म्हणजे मुंबईतल्या पगारदाराच्या पगारातून कापलेला रुपया बीड-धाराशिवच्या मजुराच्या हाती पोचायची सोय झाली. बहात्तरच्या पिढीचा चिवटपणा खरा. पण त्याच्या पाठीशी हे एवढं सगळं उभं होतं. नुसत्या काटकपणावर दुष्काळ तरता आला असता, तर चौदाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेल्या दुर्गादेवीच्या दुष्काळात गावंच्या गावं ओस का पडली? तेव्हाची माणसं काय नाजूक होती? त्या शतकातून पुढच्या शतकात आलं तर दामाजीपंतांची कथा भेटते. बिदरच्या बादशहाचा हा मंगळवेढ्याचा कारभारी; त्यानं दुष्काळात सरकारी कोठारं उघडली, आणि त्याचा हिशेब चुकता करायला प्रत्यक्ष विठोबा महाराचं रूप घेऊन बिदरला गेला, असं कीर्तनांतून आपण शतकानुशतकं ऐकत आलो. या कथेत इतिहास किती आणि श्रद्धा किती हे बाजूला ठेवू. दुष्काळाची आठवण सांगताना लोकांनी कोणाला संतपद दिलं, एवढंच पाहू. कोठार उघडणाऱ्याला.

शिवाय १९७२ चं शेत आणि आजचं शेत एक नव्हे. तेव्हा मराठवाड्याच्या गावांत ज्वारीची पेवं होती. चांगल्या सालची ज्वारी जमिनीच्या पोटात जायची आणि वाईट साली बाहेर निघायची. कडबा होता, म्हणजे जनावरं तगायची. जनावरं तगली म्हणजे पुढची पेरणी तगायची. एकाच वावरात ज्वारी, तूर, मूग, अंबाडी असायची, त्यामुळे एक पीक गेलं तरी दुसरं काहीतरी पदरात पडायचं. पेरायला बियाणं घरचं, खत उकिरड्यावरचं. उत्पन्न तुटपुंजं होतं, पोटभर खायला मिळत नव्हतं, त्या काळाचं उदात्तीकरण मला करायचं नाही. पण पीक बुडालं तर बुडणारी रक्कम आजच्या मानानं लहान होती. आज सोयाबीनच्या एका हंगामासाठी बियाणं, खत, तणनाशक, ट्रॅक्टरचं भाडं आणि मळणीयंत्राचे पैसे आधी मोजावे लागतात. त्यातले बरेच कृषी सेवा केंद्राच्या उधारीवर नाहीतर सावकाराकडून येतात. सोयाबीन पेवात घालता येत नाही, ते मोंढ्यात न्यावंच लागतं. तिथे भाव काय मिळतो? २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला आणि मोंढ्यातला सौदा त्याच्या बराच खाली होत राहिला. हा फरक कुणाच्या मनोधैर्यानं भरून निघणार? पोरगा बापापेक्षा दुबळा झालेला नाही. त्याच्या पाठीमागचं पेव गेलं आणि पुढ्यात उधारीची वही आली.

दुसरा मुद्दा मानसशास्त्राकडून येतो आणि तोही वजनदार आहे. एकाच गावात, एकाच पावसात, सारख्याच कर्जात असलेले दोघे असतात; एक सावरतो, एक कोलमडतो. मग फरक माणसाचाच नाही का? या प्रश्नावर जगातला एक फार मोलाचा अभ्यास एमी वर्नर यांनी हवाई बेटांपैकी कावाई बेटावर केला. १९५५ मध्ये तिथे जन्मलेल्या ६९८ मुलांचा पाठपुरावा त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे कित्येक दशकं केला. गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचा आजार अशा अनेक संकटांत वाढलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं कर्ती, समंजस, भरवशाची माणसं झाली. व्याख्यानांतला हा लाडका दाखला. पण तो नीट वाचला पाहिजे. या मुलांपैकी काहींचा स्वभाव लहानपणापासूनच मोकळा होता, हे वर्नर नोंदवतात. ते नाकारायचं कारण नाही. त्याचबरोबर त्यांच्या आयुष्यात जीव लावणारं निदान एक तरी मोठं माणूस होतं, कधी आजी, कधी शेजारी, कधी शिक्षक, हेही नोंदवतात. आणि जी मुलं अठराव्या वर्षी वाया गेल्यासारखी दिसत होती, त्यांतली बरीच पुढे तिशी-चाळिशीत सावरली. कशामुळे? पुन्हा शिकायला मिळालं, लष्करात नोकरी मिळाली, चांगला जोडीदार भेटला, प्रार्थनास्थळाच्या समाजात जागा मिळाली. दुसरी संधी देणाऱ्या संस्था आसपास होत्या, म्हणून. दहावीत नापास झालेल्या किंवा ऊसतोडीमुळे अर्ध्या वर्षात शाळा सुटलेल्या पोराला आमच्या तालुक्यात अशी दुसरी संधी कुठे आहे? स्वभाव जन्मतः वेगवेगळे असतात हे मान्य केलं, तरी सरकारला स्वभावाचं वाटप करता येत नाही. शाळा, वसतिगृह, पतपुरवठा आणि दवाखाना यांचं करता येतं.

माणसाचं धैर्य आणि व्यवस्थेची तयारी या दोन गोष्टींतला फरक ज्यानं आपल्याला सगळ्यात निर्दयपणे शिकवला, तो किल्लारीचा भूकंप. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून गावं झोपली होती. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास, म्हणजे जगाच्या मानानं मध्यम. तरी हजारो माणसं गेली. का? घरांच्या भिंती ओबडधोबड दगडांच्या आणि मातीच्या, दोन्ही बाजूंचे दगड एकमेकांत गुंतवणारे लांब दगड मध्ये नाहीत, आणि वर माळवदाची जड माती, दरवर्षी थोडी थोडी वाढत गेलेली. उन्हाळ्यात गार राहणारं तेच घर त्या पहाटे अंगावर आलं. या प्रदेशाला तेव्हा भूकंपाचा सगळ्यात कमी धोका असलेल्या क्षेत्रात धरलं जाई; २००२ मध्ये ते वर्गीकरण बदललं. त्या काही सेकंदांत सास्तूर-किल्लारीच्या माणसाच्या मनाची ताकद किती होती, यावर काही अवलंबून नव्हतं. भिंतीत आडवा पट्टा आहे की नाही, यावर होतं.

पण किल्लारीच दुसरी बाजूही दाखवते, आणि शब्दाचे विरोधक ती सोडून देतात. पुनर्वसनात ५२ गावं नव्या जागी वसवली गेली, पण त्याशिवाय ज्यांची घरं पडली नव्हती, नुसती तडकली होती, अशा हजारो घरांच्या दुरुस्तीचा आणि मजबुतीकरणाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला गेला. त्यात लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतल्या बायका पुढे आल्या. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या मदतीनं गावोगाव महिला संवाद सहायक नेमल्या गेल्या. त्यांनी गवंड्यांच्या कामावर देखरेख केली, अनुदान कशासाठी किती आलं हे घरोघर सांगितलं. त्याच भागातल्या बायका २००१ च्या भूकंपानंतर कच्छमध्ये जाऊन तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगून आल्या. पुढे याच प्रवाहातून एक एकर शेतीचा प्रयोग उभा राहिला: घरच्या जमिनीतला एक तुकडा बाईच्या हाती, त्यात नगदी पिकाऐवजी घरात खायला लागणारी धान्यं, डाळी, भाज्या, कमी पाण्यावर आणि घरच्या खतावर. २०१६ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. ‘लोकांच्या ताकदीबद्दल बोलणं म्हणजे सरकारची पाठराखण’ असं म्हणणाऱ्यांनी या बायकांना काय सांगायचं? माणसाला सतत बिचारं म्हणत राहिलं तर त्याच्या हातातलं असतं तेही जातं, ही भीती खरी आहे. मात्र या बायकांची ताकद कशातून फुटली तेही पाहा. जमिनीचा तुकडा मिळाला, निर्णयाचा हक्क मिळाला, गटातून कर्ज मिळालं, माहिती मिळाली. सगळं मिळाल्यावर जे उमललं त्याला आपण ‘उपजत चिवटपणा’ म्हटलं, तर मिळालेल्या गोष्टींचं मोल आपण पुसून टाकतो.

समुपदेशनाबद्दलही स्पष्ट बोलायला हवं, कारण या वादात त्याची नाहक टिंगल होते. शासनाचा ‘प्रेरणा प्रकल्प’ असो, आशाताईंनी घरी येऊन केलेली विचारपूस असो, की टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक असो. रात्री अकरा वाजता एकट्या पडलेल्या माणसाशी कुणीतरी आपुलकीनं बोललं तर जीव वाचतो. जीव वाचवण्याहून मोठं धोरण नसतं. माझा आक्षेप समुपदेशनाला नाही, ते पुरेसं आहे असं मानण्याला आहे. विभागीय आयुक्तालयाच्या नोंदीनुसार २०२३ या एका वर्षात मराठवाड्यात १,०८८ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांतल्या प्रत्येक घरी नंतर सरकारी मदतीला ‘पात्र’ की ‘अपात्र’ याची चौकशी झाली असेल. ज्या समुपदेशकाला माणसाच्या मनाचा भार कमी करायचा आहे, त्याच्या हाती बँकेची वसुली थांबवण्याचा, विम्याचा दावा पुढे रेटण्याचा, मुलीच्या वसतिगृहाचा प्रवेश मिळवून देण्याचा काहीच अधिकार नसेल, तर तो बिचारा किती पुरा पडणार?

आता ‘सावरणं’ या कल्पनेतली सगळ्यात मोठी अडचण. सावरून परत कुठे जायचं? पूर्वस्थितीच वाईट असेल तर तिथे परत जाण्याला यश म्हणायचं का? मराठवाड्यातली सगळ्यात चिवट व्यवस्था कोणती, असं कुणी विचारलं तर मी कोयत्याचं, म्हणजे ऊसतोडीचं, नाव घेईन. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घ्यायची, नवरा-बायकोनं मिळून एक कोयता व्हायचं, दिवाळीच्या सुमारास गाडीत बसून साखर कारखान्याच्या थळात जायचं, पाचटाच्या कोपीत पाच-सहा महिने राहायचं, आणि परत येताना बऱ्याचदा उचल फिटलेलीच नसते म्हणून पुढच्या सालाला बांधलं जायचं. दुष्काळ आले, संप झाले, २०२० ची टाळेबंदी आली, एक लाखाहून जास्त ऊसतोड कामगार कारखान्यांवर अडकून पडले. पुढच्या हंगामात व्यवस्था जशीच्या तशी उभी. हॉलिंगच्या व्याख्येत ही व्यवस्था पुरती ‘रेझिलियंट’ आहे. आणि तिच्यात बाईनं कसं जुळवून घेतलं? एक दिवस काम चुकलं की खाडा, खाड्याचा दंड. पाळीचा त्रास, अंगावरून जाणं, दवाखाना दूर, न्हाणीघर नाही. २०१९ मध्ये शासनानं नेमलेल्या समितीसमोर आलेल्या माहितीनुसार, बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. यामागे दवाखान्यांनी घातलेली भीती आहे, अज्ञान आहे, बालविवाह आहेत. पण खाडा पडू नये हाही हिशेब आहे. या बायका दुसऱ्या हंगामात पुन्हा फडात उभ्या राहिल्या. कुणी म्हणेल, पाहा, किती सोशिक! मी म्हणेन, व्यवस्थेचा टिकाव बाईच्या शरीरातून वसूल केला गेला. म्हणून सावरल्याची बातमी आली की पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे: कशाच्या बदल्यात सावरलं? बैल विकून, की पोरीची शाळा सोडवून, की तिचं लग्न अठराच्या आत उरकून? सळई सरळ झाली की वाकून उभी आहे, हे जवळ जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही.

जे शब्दच टाकून द्या म्हणतात त्यांना माझं सांगणं वेगळं आहे. हवामानाच्या संकटासाठी येणारा पैसा या शब्दाच्या नावानं येतो. तो कुठे गेला हे विचारायचं हत्यार आपण का सोडून द्यावं? २०१८ पासून जागतिक बँकेच्या कर्जातून मराठवाड्यातले जिल्हे, विदर्भातले जिल्हे आणि जळगाव अशा भागांत नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प राबवला गेला. पोकरा म्हणून तो गावोगाव ओळखला जातो. हवामानाला तोंड देणारी शेती, हाच त्याचा उद्देश. गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायला त्यानं लोकांना बसवलं, शेततळी, ठिबक, बीजोत्पादन, शेतकरी गटांची अवजारं यांना पैसा दिला. ही चांगली कामं आहेत आणि त्यांचा फायदा दिसतो. पण वैयक्तिक लाभाची रीत पाहा: आधी पूर्वसंमती घ्यायची, मग पदरचा पैसा घालून काम पुरं करायचं, आणि तपासणीनंतर अनुदान खात्यावर. ज्याच्याकडे आधी घालायला पैसा आहे त्याचा साठा वाढला. ज्याच्याकडे नाही, ज्याला आघाताची झळ सगळ्यात जास्त, तो दारातच राहिला. हा दोष दाखवायला प्रकल्पाच्या नावातलाच शब्द वापरता येतो: तोंड देण्याची ताकद कुणाची वाढवलीत?

पीकविम्याचंही तसंच. २०२३ पासून महाराष्ट्रात शेतकऱ्याला एक रुपयात विमा मिळत होता. त्यात बोगस अर्जांचे प्रकार झाले, खर्च वाढला, हे खरं. सुधारणा हवीच होती. पण २०२५ च्या खरिपापासून नुसता हप्ता बदलला नाही. स्थानिक आपत्ती, हंगामाच्या मध्यातली प्रतिकूल परिस्थिती आणि काढणीनंतरचं नुकसान यांचं संरक्षणही काढून घेतलं आणि भरपाई पीककापणी प्रयोगावर आलेल्या उत्पादनावर ठेवली. नेमक्या त्याच खरिपात सप्टेंबरचा पूर आला. विम्याचं कवच पातळ करायचं आणि त्याच वर्षी शेतकऱ्याच्या जिद्दीला सलाम करायचा, या दोन गोष्टी एका तोंडानं कशा बोलता येतात? ऑक्टोबरमध्ये शासनानं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. रक्कम मोठी आहे, तिचं मोल कमी लेखायचं नाही. मात्र हक्कानं मिळणारं संरक्षण आणि आपत्तीनंतर जाहीर होणारी मदत यांत फरक असतो. हक्काच्या भरवशावर माणूस पुढची पेरणी ठरवतो. घोषणेच्या भरवशावर तो वाट पाहतो.

आणि अवधीचं काय? २०१२, २०१४, २०१५, २०१८, २०२३ ही तुटीची वर्षं. त्यांच्या मध्ये २०२१ ला गुलाब चक्रीवादळाचा पाऊस; त्यांच्यानंतर २०२४ च्या सप्टेंबरातली अतिवृष्टी, मग २०२५. एका हंगामाचं कर्ज फेडायला दोन बरे हंगाम लागत असतील, तर ते दोन हंगाम सलग मिळाले कधी? बहात्तरच्या पिढीशी तुलना करताना हे गणित कुणी मांडत नाही.

लातूरच्या रेल्वेची गोष्टही याच हिशेबात बसवली पाहिजे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची पहिली गाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला आली. पुढे एकेका फेरीत २५ लाख लिटर पाणी येऊ लागलं. रेल्वेनं, मिरजेच्या लोकांनी, लातूरच्या प्रशासनानं जे केलं त्याबद्दल कृतज्ञ राहायला हवं. पण त्या गाडीचं वर्णन आपण इतक्या अभिमानानं केलं, की मांजरा धरण तळाला जाईपर्यंत त्याच खोऱ्यात ऊस का वाढत गेला, हा प्रश्न मागे पडला. शहराचं पाणी ज्या धरणावर अवलंबून, त्या धरणात पिण्याच्या पाण्याचा राखीव साठा किती वर्षांचा असावा आणि तो हंगामाच्या कुठल्या तारखेला कुलूपबंद करावा, याचा बांधील नियम हाच लातूरचा खरा रेझिलियन्स ठरला असता.

शेवटी या पुरानं वाहून नेलेल्या मातीकडे यावं लागतं, कारण तिथे हा शब्द पुरताच थांबतो. नदीकाठच्या वावरांत हातभर काळी माती होती, तिथे आता मुरूम आणि गोटे आहेत. एवढी माती निसर्गात तयार व्हायला शतकं लागतात. ज्याचं पीक गेलं त्याला पुढच्या हंगामात उठता येईल. ज्याची जमीनच गेली त्यानं कशावर उठायचं? पॅकेजमध्ये खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाखांपर्यंतची कामं अशी तरतूद सांगितली आहे. ती एका यादीत, एका खिडकीत आणि आगाऊ मिळायला हवी, कारण गाळ आणून पसरायला पोकलेन आणि टिप्पर लागतात आणि त्यांची भाडी आधी द्यावी लागतात. जिथे माती भरूनही वावर होणार नाही, तिथे तसं लेखी कबूल करावं. किल्लारीनंतर ५२ गावांच्या बाबतीत शासनानं कबूल केलं होतंच, की जुन्या जागी परत जाणं नाही, नवीन जागा द्यावी लागेल. तसंच या शेतकऱ्यांना दुसरी जमीन, नाहीतर कर्जातून पूर्ण सुटका आणि वेगळ्या धंद्याला भांडवल द्यावं लागेल. कुठलं वावर कुठल्या गटात बसतं हे तलाठी, कृषी सहायक आणि गावातली जाणती माणसं यांनी शेतात उभं राहून ठरवावं, यादी ग्रामसभेत मोठ्यानं वाचावी आणि पैसे येत्या मृगाच्या आत खात्यावर पडावेत. मृग निघून गेला तर या वावरांत आणखी एक हंगाम पेरणी होणार नाही, आणि व्याज मात्र सुरूच राहील.